काळा दगड, पिवळा भंडारा

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार. देगलूर

दुकानामागच्या खोलीत आज दुपारी अख्खा रस्ता भिंतीवर उलटा उतरला. भाची परीक्षा संपवून काल रात्री लातूरहून आली. वडिलांनी तिला ओळखीच्या माणसाकडून जुना कॅमेरा घेऊन दिलाय, २४ मेगापिक्सेलचा, सोबत १८-५५ ची लेन्स. आल्या आल्या म्हणाली, "मामा, मला याची सगळी बटणं शिकवा." मी कॅमेरा कपाटात ठेवून घेतला आणि तिला त्या खोलीत नेलं.

ही माझ्या वडिलांची डार्करूम. दार रस्त्याकडे उघडतं. जुना कोयंडा काढला तिथं बोट जाईल एवढं भोक आहे. खिडकीला काळं कापड लावलं, दाराच्या फटीत चादर कोंबली, भोकावर जाड कागद चिकटवला आणि त्याला पेन्सिलीनं छिद्र पाडलं. थोड्या वेळानं डोळे सरावले आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर चित्र दिसायला लागलं. खाली आभाळ, वर डांबरी रस्ता, किराणा दुकानाची पाटी उलटी, आणि एक ऑटो चाकं वर करून निघालेला.

"हे उलटं कामून पडतंय, मामा?"

उजेड सरळ रेषेत चालतो म्हणून. ऑटोच्या टपावरून निघालेला किरण छिद्रातून खाली उतरतो, चाकाकडचा वर चढतो. मग कागद बदलून सुईनं छिद्र पाडलं. चित्र कितीतरी रेखीव झालं, पण इतकं मंद की डोळे ताणून बघावं लागलं. छिद्र मोठं केलं की उजेड भरपूर आणि चित्र पसरट. शेवटी कागद काढून टाकला, भोकाशी भिंग धरलं आणि वीतभर मागे एक कोरा कागद. त्या कागदावर तळहाताएवढा रस्ता उमटला, झळझळीत आणि स्वच्छ. भाची ओरडलीच. छिद्र मोठं ठेवूनही चित्र रेखीव मिळावं, एवढ्यासाठी लेन्स असते. कोऱ्या कागदाच्या जागी आधी फिल्म होती, आता सेन्सर आहे. बाकी खोली तीच.

कॅमेऱ्यावरचे एफचे आकडे मग पटकन समजले. लेन्सची फोकल लेंग्थ भागिले छिद्राचा व्यास, म्हणजे तो आकडा. ५० मिलिमीटरची लेन्स एफ २ ला ठेवली तर छिद्र २५ मिलिमीटरचं, एफ ८ ला जेमतेम सव्वासहा मिलिमीटरचं. भागाकार असल्यामुळेच आकडा मोठा तेवढं छिद्र लहान. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला उजेड निम्मा होतो. छिद्र लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही रेखीव येतं; मघाशी सुईच्या छिद्रानं तेच दाखवलं होतं.

संध्याकाळी अंगणातल्या कडुलिंबाखाली तिला कवडसे दाखवले. पानांमधल्या फटी वाकड्यातिकड्या असतात, कवडसे मात्र गोलच पडतात, कारण ते सूर्याचंच चित्र असतं. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात याच झाडाखाली सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज गिऱ्हाईक कमी. पासपोर्ट साइजचे फोटो सोडले तर दिवसभर काही नाही. सेन्सरबद्दल बोललो.

कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरनं १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. चित्र १०० बाय १०० ठिपक्यांचं, म्हणजे एका मेगापिक्सेलचा शंभरावा भाग, तेही काळंपांढरं. ते कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायची. पुढं जानेवारी २०१२ मध्ये त्याच कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आमच्या दुकानावर पिवळी पाटी होती त्यांची. वडिलांनी किती रोल विकले असतील!

भाचीला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. सेन्सरला रंग कळत नाही. प्रत्येक ठिपका फक्त उजेड किती पडला ते मोजतो. म्हणून त्यावर लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या बारीक काचांची जाळी बसवलेली असते. ती युक्तीही कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांची, १९७६ च्या पेटंटची. जाळीत निम्मी घरं हिरवी, पाव लाल, पाव निळी, कारण माणसाच्या डोळ्याला हिरव्यातला बारकावा जास्त कळतो. तेव्हा तिच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लाल मोजणारी घरं ६० लाखच आहेत. उरलेल्या ठिकाणचा लाल रंग शेजारच्या घरांवरून हिशेबानं भरला जातो.

"म्हणजे फोटोतला रंग खोटा असतोय का?"

खोटा नाही म्हणालो, हिशेबाचा आहे. आणि हिशेब कॅमेऱ्याच्या हाती सोडायचा की आपण त्यावर नजर ठेवायची, हे शिकायला आली आहेस.

१५ डिसेंबर, रविवार

धनुर्मास लागायच्या आतलं शेवटचं मोठं लग्न. तेलंगणातलं पाहुणेमंडळ, अर्धं घर तेलुगू बोलणारं, अर्धं मराठी, जेवणाच्या पंगतीत कन्नडही कानावर पडत होती. आमच्या गावात हे नेहमीचं. भाचीला तिच्या कॅमेऱ्यासकट नेलं आणि एकच काम दिलं: अक्षता.

शटर १/३० सेकंदाला ठेवलं तर अक्षतांच्या पिवळ्या रेघा येतात, माणसं थोडी हललेली. १/५०० ला प्रत्येक दाणा हवेत सुटा दिसतो. पण मंगल कार्यालयात एलईडीचे दिवे होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर त्याहून जलद केलं की फोटोवर काळे पट्टे उमटतात, एक फोटो उजळ, दुसरा मंद. १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात, पण दाणे पुन्हा रेघाळतात. या अडचणीतून वाट फ्लॅशनंच निघते. फ्लॅशचा झोत कमी ताकदीला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो, दाणे त्या झोतात थांबतात. फ्लॅश समोरून थेट मारला की चेहरे चपटे होतात, म्हणून पांढऱ्या छताकडे वळवून मारायचा.

तिचा एक फोटो फार चांगला आला. नवरीच्या आईनं अक्षता टाकायला हात वर केलाय आणि टाकायचं विसरून लेकीकडे बघत राहिली आहे. मूठ बंदच.

१८ डिसेंबर, बुधवार. होट्टल

सकाळी उजाडायच्या आत निघालो. देगलूरपासून होट्टल अगदी जवळ, पण आमच्याकडची कित्येक पोरं हैदराबादला जाऊन येतात आणि सिद्धेश्वराचं देऊळ त्यांनी पाहिलेलं नसतं. कल्याणी चालुक्यांच्या काळातलं हे काम. गेल्या मे महिन्यातच इथं जतनाचं काम चालू असताना ढिगाऱ्याखाली शिवमंदिराचा पाया आणि तीन शिलालेख सापडले. इ. स. १०७० च्या सुमारास देवळाला कुणी काय दान दिलं, त्याची ती नोंद आहे.

बाहेरच्या भिंतींवरच्या सुरसुंदरींसाठी मी इथं येतो. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक डॉ. गो. बं. देगलूरकर यांनी मराठवाड्यातल्या देवळांवर आयुष्य घातलं. त्यांच्यासारख्यांचं लिखाण वाचल्यावर कळतं की हातात आरसा का आहे, पायाशी माकड काय करतंय. पण आधी मूर्ती नीट दिसली तर पाहिजे, आणि ते काम उजेडाचं.

भाचीनं ऑटोवर पहिला फोटो काढला. दगड राखाडी, धुतलेल्या शर्टासारखा. ती स्क्रीनकडे बघत राहिली, मग देवळाकडे. "देऊळ तर काळं आहे."

हाच आजचा धडा होता. कॅमेऱ्याच्या मीटरला समोर काय आहे ते ठाऊक नसतं. समोरून परतणारा उजेड तो मोजतो आणि सगळ्या दृश्याची सरासरी मधल्या राखाडी छटेवर आणून ठेवतो. ही छटा १८ टक्के उजेड परतवणारी मानतात. काळा दगड समोर आला की मीटर म्हणतो, इथं उजेड कमी आहे, आणि फोटो उजळवतो. पांढरा कापूस समोर आला की म्हणतो, उजेड फार झाला, आणि कापूस मळकट करतो. त्याच्या हिशेबात दोन्हीही राखाडी. म्हणून अधिक-उणेचं बटण आहे. काळ्या दगडाला उणे एक, कापसाच्या ढिगाला अधिक एक, कधी त्याहून जास्त. तिनं उणे एक केलं. दगड काळा झाला आणि काळ्याच्या आतली नक्षी वर आली: कमरपट्ट्याचे मणी, केसांची वळणं, छिन्नीचे बारीक घाव.

त्यानंतर बराच वेळ एकाच मूर्तीपाशी बसलो. सातच्या सुमारास ऊन भिंतीला घासून येत होतं आणि मूर्तीचं नाक, हनुवटी, बोटं, प्रत्येकाची स्वतंत्र सावली पडली होती. पाऊण तासात ऊन समोर आलं तशा त्या सावल्या आखडत गेल्या. नऊच्या पुढे तीच मूर्ती भिंतीत चिकटवल्यासारखी दिसायला लागली. उजेड कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. बाजूनं येणारा उजेड खोली दाखवतो आणि समोरून येणारा ती पुसून टाकतो. झिजलेले शिलालेख वाचणारी माणसं हेच करतात: अंधार पडू देतात, बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरतात, आणि दिवसा न दिसणारं अक्षर सावलीत उभं राहतं. भाचीनं बॅटरी धरली, मी कॅमेरा तिपाईवर लावला, मंडपाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या खांबावर करून पाहिलं. नक्षीतली पाकळी न् पाकळी सुटी झाली.

उत्तरेच्या भिंतीवर मात्र ऊन नव्हतंच. तिनं विचारलं, किती वाजता येईल? डिसेंबरात येणारच नाही. आपण १८.५ अक्षांशावर. या दिवसांत भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या वर चढत नाही, आणि दिवसभर दक्षिणेला कललेला असतो. मार्चच्या विषुवानंतर तो पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवायला लागतो, तेव्हा सकाळी-संध्याकाळी उत्तरेच्या भिंतीला घासून ऊन जातं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर दुपारीही तो आपल्या उत्तरेला असतो. देवळांचे फोटो काढणाऱ्यानं पंचांग जवळ बाळगावं, असं मी मनापासून म्हणतो.

परतताना तिला लाला दीनदयाळांबद्दल सांगितलं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि त्या राज्यात सहाव्या निजामाच्या, मेहबूब अली खानांच्या पदरी हा फोटोग्राफर होता. १८४४ चा जन्म, रुडकीला शिकलेला, निजामानं 'राजा मुसव्विर जंग बहादूर' केलेला. वेरूळ, दौलताबाद त्यानं काचेच्या प्लेटांवर टिपलं. तिपाई, लाकडी पेटी, प्लेटांची खोकी, सगळं माणसांच्या डोक्यावर आणि बैलगाडीत. फोटो खर्चिक होता म्हणून तो आधी उभं राहून बघत असणार. भाचीनं सकाळपासून काढलेले फोटो मोजले नाहीत, पण कार्ड अर्धं भरलं होतं.

२१ डिसेंबर, शनिवार

दुपारी एक माणूस मोबाइल घेऊन आला. वडील चार दिवसांपूर्वी गेले. भिंतीवर लावायला मोठा फोटो पाहिजे. घरात वडिलांचा एकट्याचा फोटो एकही नव्हता. पुतण्याच्या लग्नातला ग्रुप फोटो होता, तोही व्हॉट्सअॅपवरून तीन-चार जणांकडून फिरून आलेला.

१२ बाय १८ इंचांची प्रिंट ३०० ठिपके प्रति इंच अशी हवी असेल तर ३६०० बाय ५४०० ठिपके लागतात, म्हणजे १९ मेगापिक्सेलच्या वर. आमच्याकडे होता तो वडिलांचा चेहरा १४० ठिपके रुंद. भाचीनं संगणकावर मोठा करून पाहिला. डोळ्याच्या जागी सहा-सात चौकोन.

मी त्यांना सांगितलं, चेहरा एवढा मोठा करू नका. ग्रुपमधले आजूबाजूचे दोघं ठेवू, फोटो ५ बाय ७ चा करू, फ्रेम मोठी घेऊ आणि भोवती रुंद पांढरी पट्टी सोडू. त्यांना ते पटलं नाही. त्यांना चेहराच पाहिजे होता, मोठा, हार घालता येईल असा. आता संगणक हरवलेले डोळे भरून देतो, सुरकुत्याही काढून देतो. पण ते डोळे कुठल्या तरी दुसऱ्याच माणसाचे असतात, हे मी बघितलंय आणि ते मी करत नाही. शेवटी मी पुतण्याचं लग्न कुणी शूट केलं ते विचारलं, उदगीरच्या त्या फोटोग्राफरला फोन लावला. त्यानं हार्ड डिस्क जपली होती. संध्याकाळी मूळ फाइल आली. त्यात तोच चेहरा ६०० ठिपक्यांच्या पुढे. ८ बाय १० ची चांगली प्रिंट निघाली. डाव्या भुवईत कापल्याची खूण होती, ती दिसली तेव्हा मुलगा काउंटरपाशीच बसला.

भाचीला एवढंच सांगितलं: फाइल पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा एकेकट्याचा फोटो या सुट्टीतच काढ, खिडकीजवळ बसवून.

२३ डिसेंबर, सोमवार

स्थळासाठी फोटो काढायला एक मुलगी आईबरोबर आली. बीएड झालेली, सावळी, फार बोलक्या डोळ्यांची. मी तिला पडद्यापुढं न बसवता दारातल्या उजेडात बसवलं, दुसऱ्या बाजूनं थर्माकोलचा पांढरा पत्रा धरला. एफ ४, ५५ वर लेन्स. फोटो बघून आई म्हणाली, "थोडी गोरी करा की."

हे रोजचं आहे. आणि यात एकट्या आईचा दोष नाही. कोडॅक लॅबांना रंग जुळवायला जी नमुन्याची कार्डं पाठवायची, त्यांवर गोऱ्या बाईचा फोटो असायचा. 'शर्ली कार्ड' म्हणत त्याला. त्या बाईची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर, असा हिशेब. सावळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात कित्येक वर्षं मातकट निघाले. आता मोबाइल न विचारताच चेहरा उजळवून, गुळगुळीत करून देतो. पोरींना स्वतःचा खरा रंग फोटोत बघायची सवयच राहिली नाही.

सावळ्या चेहऱ्याला पांढरा रंग फासायची गरज नसते, त्याला चमक टिपावी लागते. गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर, कपाळावर जी झळाळी येते ती बाजूच्या मऊ उजेडात येते. मागे पांढरा पडदा असला की मीटर चेहरा आणखी काळा करतो, म्हणून पडदा काढायचा किंवा मोजमाप चेहऱ्यावर करायचं. एवढं केलं की पुढं संगणकावर काही करावं लागत नाही. मी आईंना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, घरी विचारून सांगते. मुलगी काही बोलली नाही. जाताना स्क्रीनवरचा फोटो तिनं पुन्हा एकदा बघायला मागितला.

२९ डिसेंबर, रविवार. माळेगाव

खंडोबाची यात्रा आजपासून. मुखेड, कंधारवरून आलो. भंडाऱ्यानं माणसं, रस्ते, घोडे, पालखी, सगळं पिवळं. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, लेन्सचं तोंड तेवढं उघडं. इथं लेन्स बदलायची नाही, हळदीची पूड आत गेली की सेन्सरवरून निघता निघत नाही.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता. कॅमेऱ्याला सगळीकडे पिवळं दिसलं, त्यानं ठरवलं की उजेडच पिवळा आहे, आणि निळा मिसळून तो पिवळेपणा काढून टाकला. देवाचा भंडारा फिक्या पिठासारखा झाला. सूर्याच्या चिन्हावर ठेवलं, म्हणजे साधारण ५५०० केल्विन, तसा तो परत हळदीचा झाला.

मग जनावरांच्या बाजारात. मी याच एका गोष्टीसाठी तिला इथवर आणलं होतं. एक देवणी बैल, पांढऱ्या अंगाचा; शेजारी लाल कंधारी, गडद तांबडा, जवळजवळ काळा म्हणावा असा; मधे मालक, पांढरा पटका, उन्हात रापलेला चेहरा. तिघांवर ऊन तेच. भाचीला म्हणालो, प्रत्येकाचा जवळून फोटो घे आणि मीटर काय म्हणतो ते लिही. एफ ८ ठेवून देवणीला १/१००० आलं, कंधारीला १/१६०, मालकाच्या चेहऱ्याला १/२५०. तीन आकडे, एकच सूर्य. देवणी मळकट झाला होता आणि कंधारी विटकरी.

आता मॅन्युअल. एफ ८, १/४००, आयएसओ १००. स्वच्छ उन्हाला हेच लागतं. एफ १६ ला १/१०० म्हणजे जेवढा उजेड तेवढाच हा. त्या आकड्यांवर तिघांचे फोटो काढले. देवणी पांढरा, कंधारी तांबडा, मालक जसे आहेत तसे. ती वाकून स्क्रीन बघत होती, मालकही बघायला आले. "आमच्या बैलाचा रंग आला की हो बरोबर," म्हणाले. खरेदीदारांना पाठवायला त्यांनी तो फोटो मागून घेतला. रंग चुकीचा गेला तर सौदा बिघडतो, हे त्यांना ठाऊक होतं.

एका मुरळीचा फोटो काढायचा होता. आधी विचारलं, त्यांनी होकार दिला. भाची १८ वर झूम ठेवून अगदी पुढ्यात गेली, नाक मोठं आणि कान मागे पळालेले आले. दोन पावलं मागे येऊन ५५ वर काढ म्हणालो. तिच्या सेन्सरवर ५५ ची लेन्स फिल्मच्या हिशेबात ८२ सारखी वागते, चेहऱ्याला उत्तम. चेहऱ्याचा आकार अंतरानं बदलतो, लेन्सनं फक्त तो चौकटीत बसतो.

३० डिसेंबर, सोमवार. शेतावर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सगळं घर बैलगाडी आणि दोन ट्रॅक्टरांतून रानात. वहिनींच्या डोक्यावर आंबिलाची बिंदगी, टोपल्यात भज्जी, उंडे, भाकरी. ज्वारी कंबरेच्या वर, हरभरा पायाशी. कडब्याच्या पेंढ्यांची कोप घातलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव.

कोपीच्या दारातून पूजेचा फोटो घेणं अवघड. बाहेरच्या ज्वारीला एफ ८, १/४०० लागत होतं. आत आत्या बसल्या होत्या तिथं एफ ४, १/२५. सहा टप्प्यांचा फरक, म्हणजे ६४ पट. आपल्या डोळ्यांना तो जाणवतही नाही. कॅमेऱ्यानं आत बघितलं तर बाहेर कोरं पांढरं होतं आणि बाहेर बघितलं तर आत्या अंधारात जातात. रॉ फाइलमध्ये जेपेगपेक्षा बरंच जास्त सामावतं, सावलीतलं नंतर वर काढता येतं; पण जळालेलं पांढरं परत येत नाही, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या कडेला आदळू द्यायचा नाही. यापेक्षा चांगला उपाय दाजींच्या खांद्यावर होता. त्यांचं पांढरं उपरणं दारासमोर उन्हात पसरलं. ऊन त्यावर पडून कोपीच्या आत वळलं आणि आत्यांच्या चेहऱ्यावर खालून मऊ उजेड आला.

"म्हातारीचा कशाला काढायलास गं," आत्या म्हणाल्या आणि पदर सारखा केला. भाचीनं फोटो काढला तेव्हा त्या आंबील वाढत होत्या. हाताच्या शिरा, बांगडीखालचं गोंदण, ओठाच्या कडेचं हसू. या सुट्टीतला तिचा सगळ्यात चांगला फोटो हाच.

अंधार पडताना गवताची पेटती पेंढी घेऊन पोरं शेताभोवती पळाली. तिपाईवर एक सेकंदाचं शटर दिलं तर आगीची रेघ आली, पोरं गायब. आयएसओ ३२०० करून १/६० ला पोरं आली, चेहऱ्यावर दाणे. आयएसओ वाढवल्यानं उजेड वाढत नाही, मोजलेला थोडासा उजेड फुगवला जातो, आणि त्याबरोबर खोटही फुगते. दोन्ही फोटो ठेवले. मला दाण्यांचा आवडतो, पोरांची तोंडं दिसतात.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

भाची उद्या लातूरला जाणार. आज सकाळपासून फोटो निवडले. सगळं कार्ड दोन ठिकाणी उतरवलं, एक माझ्या हार्ड डिस्कवर आणि एक तिच्याकडे. मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट केलं. २१ तारखेच्या त्या मुलाची गोष्ट तिनं स्वतःच काढली.

बीएडच्या मुलीची आई अजून आलेली नाही. मुलगी मात्र काल एकटीच येऊन फोटो घेऊन गेली, जसा होता तसा.

फाइलमध्ये कॅमेरा तारीख, वेळ, शटर, एफचा आकडा, आयएसओ, फोकल लेंग्थ सगळं आपोआप लिहितो. माणसाचं नाव लिहीत नाही. वडिलांच्या निगेटिव्हच्या प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीनं नाव आणि गाव असायचं. ती पाकिटं तिला दाखवली आणि म्हणालो, निवडलेल्या प्रत्येक फोटोला तसं लिही. माळेगावच्या बैलमालकांचं नाव तिनं तिथंच विचारून ठेवलं होतं. मुरळीचंही. येळवसच्या फोटोत आत्यांच्या मागे पंगतीत बसलेल्या एक बाई होत्या, शेजारच्या रानात कामाला येणाऱ्या. त्यांचं नाव आमच्या घरात कुणालाच सांगता येईना. भाचीनं दाजींना फोन लावला, दाजींनी शेजारच्या शेतमालकाला, त्यांनी सालगड्याला. अर्ध्या तासानं नाव आलं, गावही आलं. तिनं दोन्ही टाइप केलं.

त्यांच्यासाठी ८ बाय १२ ची एक प्रिंट काढून ठेवली आहे. रविवारी रानात जाईन तेव्हा नेऊन द्यायची.